पासष्टीची पेन्शन आणि चिडलेला रशिया

महाराष्ट्रातल्या राजपत्रित अधिकाऱ्यांचा महासंघ वर्षानुवर्षं एक मागणी लावून धरतो: निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा. केंद्राचे कर्मचारी साठीपर्यंत खुर्चीत असतात, मग आम्हीच दोन वर्षं आधी घरी का बसायचं, हा त्यांचा सवाल. २०१८ च्या उन्हाळ्यात रशियन सरकारने नेमकं तेच, म्हणजे वय वाढवायचं, जाहीर केलं. त्यावर देशातली जवळपास ९० टक्के माणसं विरोधात गेली, कित्येक शहरांत मोर्चे निघाले आणि पुतिन यांची लोकप्रियता काही आठवड्यांत धाडकन खाली आली. एकाच गोष्टीसाठी इथे निवेदनं दिली जातात आणि तिथे निषेधाचे फलक लागतात, हे कसं?

याचं उत्तर ‘वय’ कशाचं, यात आहे. आपल्याकडे निवृत्तीचं वय म्हणजे नोकरी संपण्याचं वय. ते फक्त सरकारी आणि संघटित क्षेत्रातल्या लोकांना लागू होतं. शेतमजुराला, रिक्षावाल्याला, वेठबिगारासारख्या राबणाऱ्या बाईला ते नसतंच. रशियात हे वय जवळपास प्रत्येक नागरिकाला लागू आहे आणि त्या दिवशी नोकरी संपत नाही. त्या दिवशी सरकारकडून दरमहा पैसे यायला सुरुवात होते, एवढंच. नोकरी चालू ठेवायची तर खुशाल ठेवा. पगारही घ्या, पेन्शनही घ्या. म्हणजे आपल्याकडे वय वाढवलं की कर्मचाऱ्याला दोन वर्षांचा पगार जास्त मिळतो. रशियात वय वाढवलं की माणसाची पाच वर्षांची पेन्शन बुडते. पुढचं सगळं समजून घ्यायला एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी.

पुढे जाण्याआधी एक गंमत. रशियातल्या सरकारी बाबूंचं वय २०१७ पासूनच टप्प्याटप्प्याने वाढायला लागलं होतं. त्यावर कुणी रस्त्यावर आलं नाही. खुर्ची कुणाला सोडवत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

आता तो दिवस. १४ जून २०१८. मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियमवर फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना होता. रशियाने सौदी अरेबियाला ५-० असं धुतलं आणि देश नाचायला लागला. त्याच दिवशी पंतप्रधान दिमित्री मेदवेदेव यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीत दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, मूल्यवर्धित कर १८ टक्क्यांवरून २० टक्के होणार. दुसरी, पेन्शनचं वय पुरुषांसाठी ६० वरून ६५ आणि बायकांसाठी ५५ वरून ६३ होणार. बायकांच्या बाबतीत थेट आठ वर्षांची वाढ. मार्चमध्येच पुतिन सुमारे ७७ टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले होते, आणि त्या प्रचारात या विषयाची ठोस योजना कुणीच मांडली नव्हती. निवडणूक मागे टाकून, फुटबॉलच्या गोंगाटात कडू गोळी द्यायची, असा हिशेब असावा. तसा तो लोकांनी लगेच ओळखलाही.

५५ आणि ६० हे आकडे काही काल-परवाचे नव्हते. सोव्हिएत संघात ते १९३० च्या दशकात ठरले. १९५६ च्या कायद्याने शहरी कामगारांच्या पेन्शनला नीट आकार आला, आणि सामूहिक शेतावर राबणाऱ्या शेतकऱ्यांना तर पेन्शन मिळायला १९६४ चा कायदा यावा लागला. पण एकदा बसल्यावर हे आकडे लोकांच्या आयुष्याच्या हिशेबात पक्के झाले. मुलीचं लग्न, नातवंडांचं वेळापत्रक, गावाबाहेरच्या डाचावर, म्हणजे बागेतल्या छोट्या घरी, बटाटे लावायला कधी जाऊन राहायचं, हे सगळं त्या आकड्यांवर ठरायचं. सोव्हिएत संघ गेला, बचतखात्यातले पैसे महागाईने खाल्ले, कारखाने बंद पडले. नव्वदीच्या दशकात पेन्शन महिनोन्‌महिने थकायची. तरी वय तेच राहिलं. जुन्या राज्याने दिलेली बाकीची वचनं एकेक करून विरली आणि हे एक तेवढं शिल्लक होतं. माझ्या मते २०१८ चा राग समजून घ्यायचा तर रूबलच्या बरोबरीने हेही मोजावं लागतं. शेवटचं शिल्लक वचन मोडलं जात होतं, आणि मोडणाऱ्यांपैकी एकाने ते पाळण्याचा शब्द सगळ्यांसमोर दिला होता.

तो शब्द २००५ चा. टीव्हीवर लोकांच्या प्रश्नांना थेट उत्तरं देण्याच्या कार्यक्रमात पुतिन म्हणाले होते की पेन्शनचं वय वाढवायला माझा विरोध आहे आणि मी राष्ट्राध्यक्ष असेपर्यंत असा निर्णय होणार नाही. २०१५ मध्ये त्याच कार्यक्रमात ते पुन्हा या विषयावर आले. पुरुषांचं सरासरी आयुर्मान साडेपासष्टच्या आसपास असताना पेन्शन पासष्टीला द्यायची म्हणजे काय, काम संपवायचं आणि लाकडी कोट चढवून निघायचं, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले होते. लाकडी कोट म्हणजे शवपेटी. २०१८ मध्ये या दोन्ही चित्रफिती लोकांनी शोधून काढल्या आणि त्या फोनोफोनी फिरल्या. विरोधकांना वेगळं भाषण लिहायची गरजच उरली नाही.

सरकारचं म्हणणं काय होतं? ते खोटं नव्हतं, हे आधी मान्य केलं पाहिजे. रशियाची पेन्शन मुख्यतः आजच्या कामगारांच्या पैशातून चालते. २०१८ मध्ये मालक पगाराच्या सुमारे २२ टक्के रक्कम सरकारी पेन्शन फंडात भरायचा आणि तीच रक्कम तेव्हाच्या म्हाताऱ्यांना वाटली जायची. प्रत्येकाच्या नावावर पैसे साठवून ठेवण्याचा एक छोटा भाग होता, पण तो २०१४ पासून गोठवलेला आहे. अशा व्यवस्थेत एका पेन्शनरामागे कमावणारे किती, यावर सगळं अवलंबून. आणि रशियाचा जन्माचा आलेख भयंकर आहे. १९८७ साली तिथे सुमारे २५ लाख बाळं जन्मली. १९९९ साली जेमतेम १२ लाख. नव्वदीच्या हलाखीत लोकांनी मुलं होऊ देणंच थांबवलं. ती अर्धी झालेली पिढी २०१८ च्या सुमाराला कामाला लागत होती, आणि महायुद्धानंतर जन्मलेली भलीमोठी पिढी पेन्शनीत निघाली होती. पेन्शनरांचा आकडा चार कोटींच्या वर, देशाची लोकसंख्या साडेचौदा कोटींच्या आसपास. त्यात लाखो लोक रोखीत, नोंदीविना काम करतात. त्यांचा एक रूबलही फंडात जात नाही. खड्डा भरायला केंद्रीय अर्थसंकल्पातून दरवर्षी काही लाख कोटी रूबल ओतावे लागत. माजी अर्थमंत्री अलेक्सेई कुद्रिन तर वर्षानुवर्षं सांगत होते की वय वाढवा, जितका उशीर कराल तितका झटका मोठा बसेल. शेजारच्या युक्रेनने आणि बेलारूसने आधीच वाढवायला सुरुवात केली होती.

मग लोक ऐकेनात का?

पहिला मुद्दा मरणाचा होता. मोर्च्यांमधली गाजलेली घोषणा साधारण अशी: आम्हाला पेन्शनीत जगायचंय, कामावर मरायचं नाही. २०१७ मध्ये रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान साडेसदुसष्ट वर्षांच्या आसपास होतं, बाईचं साडेसत्त्याहत्तरच्या. पुरुषांना पासष्टीला पेन्शन म्हणजे सरासरीने अडीच वर्षं, असा लोकांनी सरळ हिशेब केला.

हा हिशेब अर्धा बरोबर आहे. आयुर्मानाच्या सरासरीत तिशी-चाळिशीत दारूने, अपघाताने, हृदयविकाराने गेलेले पुरुषही येतात आणि रशियात ते फार आहेत. त्यामुळे सरासरी खाली ओढली जाते. जो पुरुष साठीला पोहोचतो, तो सरासरीने पुढे आणखी पंधरा-सोळा वर्षं जगतो. सरकारी अर्थतज्ज्ञ हेच समजावत होते. पण ते ज्यावर गप्प बसत, ते जास्त महत्त्वाचं होतं: त्या वेळच्या मृत्युदराने तरुणपणापासून मोजलं तर दर दहा पुरुषांमागे सुमारे चार पासष्टी गाठतच नव्हते. त्या चौघांनी आयुष्यभर फंडात पैसे भरायचे आणि एकही हप्ता न घेता जायचं. शिवाय ही सरासरी मॉस्कोची आणि कॉकेशसची लांब आयुष्यं धरून येते. तुवा किंवा चुकोत्कासारख्या प्रदेशात पुरुषांचं आयुर्मान साठीच्या आसपास रेंगाळत होतं. तिथल्या खाणकामगाराला ‘साठीनंतर सरासरी पंधरा वर्षं’ हे वाक्य ऐकवून बघा.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. २०१८ मध्ये सरासरी वृद्धापकाळ पेन्शन महिन्याला १४ हजार रूबलच्या आसपास होती. सरासरी पगार ४० हजारांच्या थोडा वर, तोही मॉस्कोने फुगवलेला. आडगावच्या शाळेतल्या शिक्षिकेला, दवाखान्यातल्या परिचारिकेला त्याच्या निम्मंही मिळत नसे. अशा बाईसाठी पंचावन्नावा वाढदिवस म्हणजे विश्रांतीची सुरुवात नव्हती. ती कामावर जातच राहायची. फक्त आता पगाराच्या जोडीला पेन्शन यायची आणि आयुष्यात पहिल्यांदा महिनाअखेर हात जरा सैल व्हायचा. कमावत्या पेन्शनरांची पेन्शन महागाईप्रमाणे वाढवणं सरकारने २०१६ पासून बंद केलं होतं, तरीही लोक कामं सोडत नव्हते, कारण परवडत नव्हतं. आता गणित करा. पाच वर्षांचे ६० महिने, महिना १४ हजार: ८ लाख ४० हजार रूबल. मूळ प्रस्तावातल्या बायकांच्या आठ वर्षांचे हिशेबाने १३ लाखांच्या वर. ज्याच्याकडे बचत म्हणून काही नाही, त्याच्या घरातून एवढी रक्कम एका कायद्याने उचलली जात होती. वर खऱ्या अर्थाने हातात पडणारं उत्पन्न २०१४ पासून चार वर्षं सलग घसरलेलं. तेलाचे भाव पडले होते, निर्बंध लागले होते, आणि त्याच दिवशी करही वाढवला होता.

तिसरा मुद्दा नोकरी देणार कोण, हा. पन्नाशीनंतर नोकरी गेली तर रशियात दुसरी मिळणं अवघड होतं. जाहिरातीत वय लिहायला बंदी असली तरी फोनवर आवाज ऐकूनच नकार यायचा. अशा माणसाला पेन्शनही नाही आणि पगारही नाही, अशी पाच वर्षं दिसायला लागली. बेकारभत्ता तेव्हा जास्तीत जास्त ४,९०० रूबल होता.

आणि आज्या. रशियात बाबुश्का म्हणजे अर्धं पाळणाघर. तरुण आई कामावर जाते कारण तिची पंचावन्नची आई घरी नातवंडं बघते. सरकार एकीकडे जन्मदर वाढवा म्हणून प्रोत्साहनाचे पैसे देत होतं आणि दुसरीकडे आजीला ६३ पर्यंत कामाला जुंपत होतं. हे कुणालाही कळत होतं, फक्त मंत्रालयाला नाही.

लोकांना टोचलेली आणखी एक गोष्ट म्हणजे सगळ्यांना सारखा नियम नव्हता. सैन्य, पोलीस, सुरक्षा यंत्रणांतली माणसं २० वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन घेऊ शकतात. त्यांना हातही लावला गेला नाही. मोर्च्यात आजीला पकडायला उभा असलेला पोलीस चाळिशी-पंचेचाळिशीत पेन्शनर होणार होता.

विरोध कसा झाला, हे बघताना सुरुवातच विचित्र होती. विश्वचषकामुळे राष्ट्राध्यक्षांच्या एका हुकुमाने मे अखेरपासून जुलै अखेरपर्यंत सामने होणाऱ्या ११ शहरांत मोर्चा-सभांवर कडक बंधनं होती. त्यात मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग दोन्ही आले. म्हणून पहिले मोठे मोर्चे १ जुलैला दूरच्या शहरांत निघाले. ओम्स्कमध्ये, नोवोसिबिर्स्कमध्ये, अमूर नदीकाठच्या कोम्सोमोल्स्कमध्ये. एरवी रशियात आंदोलन म्हणजे मॉस्कोतले सुशिक्षित तरुण, अशी सरकारची आवडती टिंगल असते. या वेळी चित्र उलटं होतं. ज्या कारखान्यांच्या गावांत पुतिन यांना भरभरून मतं पडायची, तिथलीच माणसं फलक घेऊन उभी होती. स्वतंत्र कामगार संघटनांच्या महासंघाने ऑनलाइन अर्ज काढला, त्यावर २५ लाखांहून जास्त सह्या झाल्या. सरकारशी जुळवून घेणाऱ्या मोठ्या, जुन्या महासंघाने मात्र तोंडदेखला विरोध केला.

१९ जुलैला संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, दूमामध्ये, विधेयक पहिल्या वाचनाला आलं: ३२८ बाजूने, १०४ विरोधात. कम्युनिस्ट, कडव्या राष्ट्रवादी झिरिनोव्स्की यांचा पक्ष आणि ‘न्याय्य रशिया’, तिघेही विरोधात गेले. एरवी हे तिन्ही पक्ष क्रेमलिनच्या अंगणातलेच विरोधक. मोठ्या प्रश्नावर मान डोलावणारे. पण या प्रश्नावर सरकारच्या बाजूने उभं राहणं म्हणजे मतदाराच्या शिव्या खाणं, हे त्यांनाही दिसत होतं. सत्ताधारी ‘संयुक्त रशिया’मधून एकटीने विरोधी मत दिलं ते नताल्या पोक्लोन्स्काया यांनी. क्रिमियाच्या माजी सरकारी वकील, कट्टर राष्ट्रवादी बाई. उदारमतवादी तर अजिबात नव्हेत.

जुलैच्या शेवटी बंधनं उठली तसे मॉस्कोतही मोर्चे निघाले. पण इथेच विरोधाची शिवण उसवत गेली. कम्युनिस्टांची सभा शनिवारी, बाकीच्यांची रविवारी. कामगार संघटना वेगळ्या, पुतिन यांचे कट्टर विरोधक अलेक्सेई नवाल्नी यांची माणसं वेगळी. कम्युनिस्टांनी सार्वमताचा घाट घातला. रशियन कायद्यात ते कागदावर शक्य आहे: निम्म्या प्रांतांत गट नोंदवायचे आणि मग २० लाख सह्या जमवायच्या. अचानक त्याच प्रश्नाच्या थोड्या वेगळ्या शब्दांत सार्वमत मागणारे आणखी गट कुठून कुठून उगवले, निवडणूक आयोगाने एकाहून जास्त प्रश्नांना परवानगी दिली, आणि कुणाचा अर्ज खरा या गोंधळात सगळंच बारगळलं. हे नवे गट कुणी पेरले, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

नवाल्नी यांनी ९ सप्टेंबरला, स्थानिक निवडणुकांच्याच दिवशी, देशभर मोर्चे पुकारले होते. २७ ऑगस्टला न्यायालयाने त्यांना जानेवारीतल्या एका जुन्या मोर्च्याबद्दल ३० दिवस कोठडीत टाकलं. मोर्चे तरी निघाले. त्या एका दिवसात हजाराहून जास्त लोकांना पोलिसांनी उचललं.

या सगळ्यात पुतिन कुठे होते? सुरुवातीला कुठेच नव्हते. हा सरकारचा विषय आहे, राष्ट्राध्यक्ष या चर्चेत नाहीत, असं त्यांचे प्रवक्ते सांगत राहिले. झार चांगला, त्याचे दिवाण वाईट, ही रशियातली फार जुनी समजूत, आणि ती वापरायला तयार ठेवलेली होती. पण लेवादा या सर्वेक्षण संस्थेच्या आकड्यांत पुतिन यांची पसंती मे महिन्यातल्या ८० टक्क्यांच्या आसपासहून जुलैत ७० च्या खाली आली. २००५ च्या जानेवारीतही असंच झालं होतं. तेव्हा सरकारने पेन्शनरांचा मोफत बसप्रवास, औषधं वगैरे सवलती काढून त्याऐवजी तुटपुंजी रोकड द्यायला सुरुवात केली होती, आणि चिडलेल्या म्हाताऱ्यांनी कडाक्याच्या थंडीत रस्ते अडवले होते. सरकारला तेव्हा बरंच मागे यावं लागलं. पेन्शनरांशी पंगा नको, हा धडा क्रेमलिनला तोंडपाठ होता.

२९ ऑगस्टला पुतिन टीव्हीवर आले आणि अर्ध्या तासाचं भाषण केलं. सूर समजुतीचा होता: मला समजून घ्या, निर्णय कठीण आहे, पण टाळता येत नाही. त्यात त्यांनी लोकांच्या सूचनांना आकड्यांनी उत्तरं दिली. उदाहरणार्थ, पेन्शन फंडाने ठिकठिकाणी बांधलेल्या महालासारख्या इमारती, ज्यांच्यावर लोकांचा भारी राग होता. त्या सगळ्या विकल्या तरी १२० अब्ज रूबल मिळतील आणि त्यात देशाची पेन्शन फक्त सहा दिवस भागेल, असं ते म्हणाले. आकडा बिनतोड होता. पण इमारती बांधल्या कशाला, या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

मग सवलती. बायकांचं वय ६३ ऐवजी ६०. तीन मुलांच्या आईला तीन वर्षं आधी, चार मुलांच्या आईला चार वर्षं आधी पेन्शन. ३७ वर्षं काम केलेल्या बायकांना आणि ४२ वर्षं केलेल्या पुरुषांना थोडं लवकर. पेन्शनला पाच वर्षं उरलेल्यांना वयामुळे कामावरून काढलं तर मालकावर फौजदारी गुन्हा. त्यांचा बेकारभत्ता दुपटीहून जास्त, ११,२८० रूबल. मालमत्ता करातल्या सवलती मात्र जुन्याच वयाला, ५५ आणि ६० ला. पहिल्या दोन वर्षांत ज्यांची पाळी होती, त्यांना नव्या वेळापत्रकाच्या सहा महिने आधी.

मंडईत ऐंशी सांगून साठला देणाऱ्याकडून आपण पिशवी भरून, वर खूश होऊन घरी येतो. बायकांचे ६३ हा तसाच सांगायचा भाव होता का? मला तसं वाटतं. पुरुषांच्या पासष्टीला पुतिन यांनी हात लावला नाही. अर्थखात्याला जे हवं होतं त्यातला मोठा वाटा तिथेच होता. आणि बायकांसाठीही पाच वर्षांची वाढ झालीच, फक्त ती आता राष्ट्राध्यक्षांची कृपा म्हणून झाली.

त्यानंतर सगळं भराभर उरकलं. २६ सप्टेंबरला दुसरं वाचन, २७ ला तिसरं, ३ ऑक्टोबरला वरच्या सभागृहाची मंजुरी आणि त्याच दिवशी सही. १ जानेवारी २०१९ पासून कायदा लागू. रस्त्यावरचा विरोध हरला.

मतपेटीतला मात्र पुरता हरला नाही. सप्टेंबरच्या प्रांतीय निवडणुकांत असं काही झालं की जे रशियात व्हायचं नसतं: विद्यमान राज्यपाल पडले. पूर्वेच्या टोकाला खाबारोव्स्कमध्ये झिरिनोव्स्की यांच्या पक्षाचे सेर्गेई फुर्गाल फेरमतदानात प्रचंड फरकाने जिंकले. व्लादिमीर प्रांतात त्याच पक्षाच्या, प्रचारही फारसा न केलेल्या उमेदवाराने सत्ताधारी राज्यपाल बाईंना हरवलं. खाकासियात तिशीतला एक कम्युनिस्ट निवडून आला. व्लादिवोस्तोकच्या प्रिमोर्ये प्रांतात कम्युनिस्ट उमेदवार मोजणीत पुढे होता, शेवटच्या टप्प्यात आकडे अचानक फिरले, इतका आरडाओरडा झाला की निवडणूकच रद्द करावी लागली. या उमेदवारांवर लोकांचं प्रेम होतं असं नाही. पेन्शनला हात लावणाऱ्याच्या विरोधात कुणीही चालेल, हा मतदाराचा मूड होता. फुर्गाल यांना पुढे जुलै २०२० मध्ये जुन्या खुनांच्या आरोपाखाली अटक झाली आणि खाबारोव्स्कमध्ये महिनोन्‌महिने मोर्चे निघाले. त्या गर्दीचं मूळ २०१८ च्या त्या मतदानात होतं.

त्याच शरद ऋतूतला सारातोवचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या प्रांतिक कामगारमंत्री बाईंनी पेन्शनरांच्या किमान खर्चाच्या चर्चेत सांगितलं की महिन्याला साडेतीन हजार रूबलच्या खाण्यात माणूस जगू शकतो, मॅकरोनी काय, सगळीकडे त्याच भावाला मिळते. निकोलाय बोंदारेन्को या तरुण कम्युनिस्ट आमदाराने तेवढ्याच पैशात महिनाभर खाऊन दाखवायचं ठरवलं आणि रोजची हकिकत व्हिडिओवर टाकत गेला. त्याचं वजन उतरलं आणि बाईंची खुर्ची गेली.

२०२० मध्ये घटनादुरुस्ती झाली. जगात तिची चर्चा झाली ती पुतिन यांना पुन्हा उभं राहता यावं म्हणून जुने कार्यकाळ शून्य धरले गेले यासाठी. पण त्याच दुरुस्तीत, लोकांना मतदानाला ओढायला, पेन्शन वर्षातून किमान एकदा वाढवलीच जाईल असं कलमही घातलं होतं. दोन वर्षांपूर्वीची जखम कुठे आहे, हे सत्तेला नेमकं माहीत होतं. मग कोविड आला आणि २०२१ मध्ये पुरुषांचं आयुर्मान पुन्हा साडेपासष्टच्या आसपास आलं, म्हणजे लाकडी कोटाच्या गोष्टीच्या वेळी होतं तिथेच. २०२२ पासून युद्ध आहे. कामाला माणसं मिळत नाहीत, बेकारी तीन टक्क्यांच्या खाली. पन्नाशीच्या माणसाला नोकरी कोण देणार, ही भीती तूर्त मागे पडली आहे. कमावत्या पेन्शनरांची वाढ २०२५ पासून पुन्हा सुरू झाली.

वयाची शिडी मात्र अजून चढणं चालू आहे, आणि तिच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. १९६० मध्ये जन्मलेला पुरुष साडेएकसष्टाव्या वर्षी पेन्शनीत गेला, १९६१ चा त्रेसष्टाव्या. त्यामुळे २०२३ मध्ये वयाच्या सामान्य नियमाने पेन्शनीत जाणारं कुणीच नव्हतं, ना पुरुष ना बाई. २०२५ तसंच कोरडं, २०२७ ही तसंच. १९६३ चे पुरुष आणि १९६८ च्या बायका २०२८ मध्ये अनुक्रमे पासष्टीला आणि साठीला पोहोचतील, तेव्हा हा बदल पूर्ण होईल.